मराठी चित्रपटांची हिंदी पुनर्निर्मिती

मराठी चित्रपटांची हिंदी पुनर्निर्मिती म्हणजे मराठीत प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचे हक्क विकत घेऊन त्याचे कथानक, पात्रे व प्रसंगरचना यांच्या आधारे नव्या कलावंतांसह हिंदीत नवा चित्रपट तयार करणे. व्यवहारात यासाठी ‘रीमेक’ हाच शब्द रूढ आहे. अशा चित्रपटांपैकी ‘सैराट’वरून निघालेला ‘धडक’ (२०१८) आणि ‘मुळशी पॅटर्न’वरून निघालेला ‘अंतिम: द फायनल ट्रुथ’ (२०२१) हे दोन विशेष चर्चिले गेले. त्यांच्यावरील आक्षेपाचा रोख चोरीवर नाही, कारण दोन्ही प्रसंगी हक्क रीतसर घेतलेले होते. मूळ चित्रपटातील घटना जशाच्या तशा ठेवून त्या घटना ज्या कारणामुळे घडतात ते कारण मात्र पुसट केले गेले, असा हा आक्षेप आहे. ‘सैराट’मध्ये ते कारण जात आहे, ‘मुळशी पॅटर्न’मध्ये जमीन.

जपानी अभिजात चित्रपटांच्या अमेरिकी आवृत्त्यांविषयी अनेक दशके हीच तक्रार होत आली आहे. त्यामुळे मराठीतील या वादाकडे केवळ प्रादेशिक अस्मितेचा प्रश्न म्हणून पाहणे अपुरे ठरते.

== संज्ञा आणि व्याप्ती ==

पुनर्निर्मिती ही भाषांतरित ध्वनिमुद्रणापेक्षा, म्हणजेच ‘डबिंग’पेक्षा वेगळी असते. डबिंगमध्ये चित्र तेच राहते व आवाज बदलतो. पुनर्निर्मितीत चित्रही नव्याने घेतले जाते. एकाच वेळी दोन भाषांत काढलेला द्वैभाषिक चित्रपट हा तिसरा प्रकार होय. या तिन्ही प्रकारांची सरमिसळ अनेकदा होते आणि मग ‘पूर्वीही मराठी चित्रपट हिंदीत होतच होते’ असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे.

प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) पासून द्वैभाषिक निर्मिती केली. ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ (१९३७), ‘माणूस’ हिंदीत ‘आदमी’ (१९३९) आणि ‘शेजारी’ हिंदीत ‘पडोसी’ (१९४१) या नावांनी आले. या सर्वांचे दिग्दर्शक व्ही. शांताराम होते. दोन्ही आवृत्त्या त्याच दिग्दर्शकाच्या नजरेखाली व त्याच कलागृहात घडत. ‘शेजारी’मध्ये गजानन जागीरदार यांनी मिर्झा, तर केशवराव दाते यांनी त्याच्या हिंदू शेजाऱ्याची भूमिका केली; ‘पडोसी’मध्ये जागीरदार कायम राहिले आणि हिंदू शेजारी मझहर खान यांनी साकारला. हिंदू नटाने मुसलमान आणि मुसलमान नटाने हिंदू व्हावे, ही योजना हिंदी आवृत्तीत मूळ आशयाला बळकटी देणारी ठरली. येथे हिंदी आवृत्ती ही नंतर आलेली नक्कल नव्हती. आशय कोणता ठेवायचा आणि कोणता सोडायचा, हा निर्णय मूळ कर्त्याच्याच हाती होता.

शांताराम यांच्याच ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटाची बीजकथा ‘द ब्लू एंजल’ (१९३०) या जर्मन चित्रपटाशी जुळते. तेथील नाइटक्लबमधील गायिकेच्या जागी येथे तमाशातील नर्तकी आली, आणि शिस्तप्रिय प्राध्यापकाच्या जागी गावाने देव मानलेला मास्तर. मराठी चित्रपटही परक्या कथेवर पोसला गेला आहे, याचे हे ठळक उदाहरण होय. सचिन पिळगांवकर यांचा ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटावर बेतलेला आहे. पण पुण्यातील भाड्याच्या खोलीचा प्रश्न त्यात इतका मुरला की मूळ चित्रपटाची आज फारशी कोणाला आठवणही नाही. अलीकडे ‘वेड’ (२०२२) हा तेलुगू ‘मजिली’ (२०१९) वरून आला. तेव्हा कथा एका भाषेतून दुसरीकडे जाण्याला मराठी प्रेक्षकाचा आक्षेप नाही, आणि असण्याचे कारणही नाही.

== ‘सैराट’ आणि ‘धडक’ ==

नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘सैराट’ फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि २९ एप्रिल २०१६ रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. शंभर कोटी रुपयांच्या उत्पन्नाचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट मानला जातो. रिंकू राजगुरू यांच्या अभिनयाची ६३व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष दखल घेण्यात आली.

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा परिसरात चित्रित झालेल्या या चित्रपटात गावच्या राजकीय पुढाऱ्याची मुलगी अर्चना पाटील आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील प्रशांत काळे यांच्या प्रेमाची कथा आहे. कथा एवढ्याच शब्दांत सांगितली तर ती शेकडो चित्रपटांची वाटेल. ‘सैराट’चे वेगळेपण कथेत नाही. गावातील प्रत्येक व्यवहारात जात कशी वावरते हे प्रसंगाप्रसंगांतून दाखवण्यात आहे. दलित कवितेविषयी शिकवणाऱ्या शिक्षकाला पाटलांचा मुलगा भर वर्गात थोबाडीत मारतो आणि पुढे महाविद्यालयच त्याच्यापुढे नमते घेते. विहिरीत पोहणाऱ्या मुलांना अर्ची वर यायला फर्मावते. हा प्रसंग विनोदी आहे, पण १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर महाराष्ट्रात कोणाच्या पाण्यात कोणी उतरायचे हा प्रश्न कधीच निव्वळ विनोदी राहिलेला नाही. अर्चीचा ट्रॅक्टर, तिची बुलेट, तिचा हुकमी आवाज यांचे प्रेक्षकांना कौतुक वाटते. मात्र ही ऐट तिला ज्या घराने दिली त्याच घराकडून पुढे तिचा जीव जातो. मध्यंतरानंतर हे जोडपे हैदराबादच्या झोपडपट्टीत येते, डोशाची गाडी आणि बाटल्यांचा कारखाना यांवर संसार उभा करते, तेव्हा पूर्वार्धातील गाण्यांची सगळी रोषणाई नाहीशी होते. शेवटच्या प्रसंगात संगीतही नाही.

या कथेमागे वर्तमानपत्रांतील वास्तव होते. करमाळ्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये एका दलित शाळकरी मुलाची, वरच्या जातीतील मुलीशी बोलल्याच्या संशयावरून हत्या झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. ‘सैराट’ हा त्या घटनेवरील चित्रपट नव्हे, परंतु तो पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाला अशा घटना ठाऊक होत्या. चित्रपटाला त्या वेगळ्या समजावून सांगाव्या लागल्या नाहीत.

‘सैराट’ची आवृत्ती कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ (२०१७), पंजाबीत ‘चन्ना मेरेया’ (२०१७), ओडियात ‘लैला ओ लैला’ (२०१७) आणि बंगालीत ‘नूर जहाँ’ (२०१८) या नावांनी निघाली. कन्नड आवृत्तीत नायिका रिंकू राजगुरू याच होत्या. २० जुलै २०१८ रोजी शशांक खैतान दिग्दर्शित ‘धडक’ प्रदर्शित झाला. करण जोहर यांची धर्मा प्रॉडक्शन्स आणि मूळ चित्रपटाशी संबंधित झी स्टुडिओज यांनी त्याची निर्मिती केली. जान्हवी कपूर यांचा तो पहिला चित्रपट असून नायकाची भूमिका ईशान खट्टर यांनी केली. अजय-अतुल यांच्या चालीही हिंदी शब्दांसह त्यात आल्या.

‘धडक’मध्ये करमाळ्याचे उदयपूर झाले आणि हैदराबादचे कोलकाता. नायकाचे कुटुंब हॉटेल व्यवसायातील, बऱ्यापैकी सुस्थितीतील झाले. नायिका राजपूत राजकारण्याची मुलगी आहे, पण दोघांमधील अंतर जातीचे आहे हे एखाद-दुसऱ्या वाक्यापुरतेच उरले. उरलेल्या वेळात ते प्रतिष्ठेचे, श्रीमंतीचे आणि निवडणुकीचे वाटते. शिक्षकाच्या थोबाडीतला दलित कवितेचा संदर्भ गेला. उदयपूर हे पर्यटकांचे शहर असल्याने तेथील पाणी, वाडे आणि गल्ल्या डोळ्यांना सुखावतात. करमाळ्याचे ओसाड माळ कोणत्याही पर्यटनपत्रिकेत कधी नव्हते. मूळ चित्रपटाची लांबी सुमारे १७४ मिनिटे, तर हिंदी आवृत्तीची सुमारे १३७ मिनिटे आहे. कात्री मुख्यतः उत्तरार्धावर, म्हणजे पळून गेलेल्या दोघांच्या रोजच्या हलाखीवर चालली.

सर्वांत मोठा बदल शेवटात आहे. ‘सैराट’मध्ये माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, अर्ची त्यांना चहा देते आणि नंतर दोघांचीही हत्या होते, शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परत येऊन रक्तात पाय भरवून बाहेर पडते. ‘धडक’मध्ये नवरा आणि मूल मारले जातात, नायिका जिवंत राहते. या बदलाला वेगळा धक्का देण्याचा प्रयत्न म्हणता येईल. परंतु त्यामुळे अर्थ पालटतो. जातीची शुद्धता जपण्यासाठी होणाऱ्या हत्येत मुलगी ही केवळ शोक करणारी साक्षीदार नसते, तीच पहिली अपराधी ठरवलेली असते. हा मुद्दा ‘धडक’च्या शेवटात सांडून गेला.

हिंदीतील अनेक समीक्षकांनीही जात वगळल्याबद्दल ‘धडक’वर टीका केली. चित्रपटाने उत्पन्न मात्र चांगले मिळवले. ‘धडक’ वाईट चित्रपट आहे असे म्हणण्याची गरज नाही. पहिल्यांदाच ही कथा पाहणाऱ्याला तो नीटनेटका वाटू शकतो. तक्रार आहे ती त्या नीटनेटकेपणाबद्दलच.

== ‘मुळशी पॅटर्न’ आणि ‘अंतिम’ ==

‘धडक’च्या पाठोपाठ, २३ नोव्हेंबर २०१८ रोजी, प्रवीण तरडे दिग्दर्शित ‘मुळशी पॅटर्न’ प्रदर्शित झाला. ओम भूतकर, उपेंद्र लिमये व मोहन जोशी यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. तरडे स्वतः मुळशी तालुक्यातील आहेत.

या चित्रपटाचे शीर्षक समजण्यासाठी दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. ‘पॅटर्न’ हा शब्द मराठीत ‘लातूर पॅटर्न’मुळे घरोघरी पोहोचला आणि ‘एखाद्या भागाने शोधलेली यशाची रीत’ असा अर्थ त्याला चिकटला. त्यामागे मुळशीचे नाव लावले की ते उपरोधिक होते. दुसरी गोष्ट मुळशीच्या जमिनीचा इतिहास. टाटा कंपनीच्या धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून येथे १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला आणि त्याचे नेतृत्व केल्यामुळे पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापती’ बापट म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे याच तालुक्यातील हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले.

शेजारच्या पिंपरी-चिंचवडने हे परिवर्तन आधीच पाहिले होते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर कारखान्यांसाठी मोठ्या प्रमाणावर भूसंपादन झाले. १९८२ मध्ये येथे महानगरपालिका आली. काळेवाडी, रहाटणी, थेरगाव, वाकड ही एके काळची शेतीची ठिकाणे. कारखान्यात कामाला आलेल्या सोलापूर, मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर भारतातील कुटुंबांसाठी येथे गुंठ्यागुंठ्याने जागा विकल्या गेल्या आणि चाळी व इमारती उभ्या राहिल्या. नंतर चाकण औद्योगिक पट्ट्यातही हीच वाट चोखाळली गेली. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १,०८९ चौरस फूट. जमीन विकून एकाएकी पैसेवाल्या झालेल्या माणसाला पुणे परिसरात ‘गुंठामंत्री’ म्हणतात. या शब्दात हेवा आहे, टिंगल आहे आणि पुढे काय होणार याची जाणीवही आहे. त्याला हिंदीत प्रतिशब्द नाही.

‘मुळशी पॅटर्न’ ही त्या ‘पुढे काय’ची कथा आहे. जमीन विकलेला बाप हमाली करतो, मुलगा गुन्हेगारीत शिरतो आणि शेवटी दुसऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनी बळकावणाऱ्यांच्याच पंगतीला जाऊन बसतो. चित्रपटावर गुन्हेगारीचे उदात्तीकरण केल्याचा आरोप झाला. तो सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही, कारण त्यातील नाचगाणी मिरवणुकांत वाजली ती कथेतील इशाऱ्याशिवायच. तरीही सातबाऱ्यावरून नाव गेल्यावर माणसाचे गावातील स्थान कसे जाते, हे मराठी पडद्यावर इतक्या ठळकपणे क्वचितच आले होते.

महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘अंतिम: द फायनल ट्रुथ’ २६ नोव्हेंबर २०२१ रोजी प्रदर्शित झाला. येथे ‘धडक’ची चूक टाळलेली दिसते. कथा पुण्यातच घडते, नायक राहुल शेतकरी कुटुंबातीलच राहतो, दिग्दर्शक मराठी आहे आणि सचिन खेडेकर, उपेंद्र लिमये यांच्यासारखे मराठी कलावंत आहेत. जमिनीचा विषयही आहे. तरी तोल ढळला, आणि त्याचे कारण भूमिकांच्या मांडणीत आहे. मूळ चित्रपटातील पोलीस अधिकारी उपेंद्र लिमये यांनी साकारला होता व तो कथेतील अनेकांपैकी एक होता. हिंदीत ही भूमिका सलमान खान यांच्याकडे आली, त्यांच्याच संस्थेने चित्रपट काढला आणि अधिकारी राजवीर सिंग हा शीख, तत्त्वनिष्ठ व अजिंक्य नायक झाला. परिणामी ‘शेतकऱ्याचा मुलगा गुंड का होतो’ या प्रश्नाच्या जागी ‘गुंडाला कोण आवरतो’ हा प्रश्न आला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर जमिनीच्या व्यवहारात शोधावे लागते. दुसऱ्याचे उत्तर पोस्टरवरच असते. शीर्षकातून मुळशीचे नाव गेले हे त्याला साजेसेच झाले.

स्थळ बदलले की आशय हरवतो, असा सरसकट नियम या दोन उदाहरणांवरून काढता येत नाही. ‘धडक’ने स्थळ बदलले आणि जात गाळली, ‘अंतिम’ने स्थळ राखले आणि जमीन मागच्या रांगेत बसवली.

== अन्य उदाहरणे ==

समीर पाटील दिग्दर्शित ‘पोश्टर बॉईज’ (२०१४) चे ‘पोस्टर बॉईज’ (२०१७) हे हिंदी रूप मूळ चित्रपटाचे निर्माते श्रेयस तळपदे यांनीच दिग्दर्शित केले. नसबंदीच्या सरकारी फलकावर परवानगीविना छायाचित्र छापल्या गेलेल्या तिघांची ही गंमत कोणत्याही राज्यात घडू शकते, त्यामुळे तीबद्दल फारशी तक्रार झाली नाही.

अन्य भाषांत गेलेल्या मराठी चित्रपटांची कहाणी निराळी आहे. निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) ची तमिळ आवृत्ती ‘एवनो ओरुवन’ (२००७) त्यांनीच आर. माधवन यांना घेऊन केली. ‘शिक्षणाच्या आयचा घो’ (२०१०) वरून प्रकाश राज यांनी तमिळमध्ये ‘धोनी’ (२०१२) काढला. कुसुमाग्रजांच्या नाटकावरील ‘नटसम्राट’ (२०१६) तेलुगूत ‘रंगमार्तांड’ (२०२३) झाला. या आवृत्त्यांविषयी महाराष्ट्रात नाराजी उमटली नाही, कारण त्या येथील प्रेक्षकासाठी नव्हत्याच. चेन्नईतील प्रेक्षकाला मराठी कळत नाही. तेथे पुनर्निर्मिती ही सोय आहे.

हिंदीचे तसे नाही. महाराष्ट्रातील बहुतेक प्रेक्षक हिंदी चित्रपट पाहतोच, आणि मराठी व हिंदी चित्रपट त्याच चित्रपटगृहांत, त्याच खेळांसाठी एकमेकांशी झगडतात. मराठी चित्रपटांना बहुपडदा चित्रपटगृहांत सायंकाळचे खेळ मिळावेत म्हणून एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाला आदेशाची घोषणा करावी लागली आणि वादानंतर ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल करण्यात आली. ‘सैराट’ हिंदी भाषकांनीही उपशीर्षकांसह पाहिला होता. अशा स्थितीत हिंदी आवृत्ती ही मूळ चित्रपटाकडे नेणारी पायरी न ठरता त्याच्या जागी येऊन बसते. काही वर्षांनी शोधणाऱ्याला प्रथम तीच सापडते.

== जपानी चित्रपटांशी तुलना ==

पुण्यात प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आणि त्यानंतर १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. अकिरा कुरोसावा यांच्या चित्रपटांची ओळख येथील चित्रपटरसिकांना त्यामुळे तुलनेने लवकर झाली. तेव्हा या वादात जपानचा दाखला वारंवार यावा, हे स्वाभाविक आहे.

त्यातील सर्वांत बोलके उदाहरण ‘गोजिरा’चे. इशिरो होंडा यांचा हा चित्रपट नोव्हेंबर १९५४ मध्ये आला. त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनी बेटावरील अमेरिकी हायड्रोजन बाँब चाचणीच्या किरणोत्साराने ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवरील खलाशी बाधित झाले होते. चाचण्यांनी जागा झालेला आणि शहर जाळणारा प्राणी जपानी प्रेक्षकाला कशाची आठवण देत होता हे सांगावे लागत नव्हते. १९५६ च्या अमेरिकी आवृत्तीत रेमंड बर यांचा वार्ताहर घुसवण्यात आला आणि अणुबाँबचे संदर्भ सौम्य केले गेले. रोलँड एमरिक यांच्या १९९८ च्या चित्रपटात प्राण्याच्या जन्माचे खापर फ्रान्सच्या चाचण्यांवर फुटले. २०१४ च्या आवृत्तीत तर १९५४ च्या चाचण्या म्हणजे त्या प्राण्याला मारण्याचे प्रयत्न होते, असे दाखवले गेले. ज्या देशाच्या बाँबमुळे कथा जन्मली त्या देशाने कथा पुन्हा सांगताना बाँबची बाजू पालटली. जपानी बाजूनेही याचे उट्टे काढले: ‘गोजिरा: फायनल वॉर्स’ (२००४) मध्ये अमेरिकी प्राण्याला ‘झिला’ म्हणून आणले आणि मूळ गोजिराकडून त्याचा काही क्षणांत निकाल लावला.

कुरोसावा यांच्या ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) मध्ये शेतकरी आणि सामुराई यांच्यातील जन्माधिष्ठित दरी हा कथेचा कणा आहे. ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) मध्ये ती दरी मेक्सिकन गावकरी आणि अमेरिकी बंदूकबाज यांच्यातील झाली. भारतात ‘शोले’ (१९७५) ने हीच कल्पना घेतली, तेव्हा रक्षकांना बोलावणारे शेतकरी जाऊन त्यांच्या जागी गावचा ठाकूर आला. ‘शोले’च्या थोरवीला याने बाध येत नाही, पण गाव स्वतःसाठी उभे राहते ही गोष्ट तेवढी राहून गेली. ‘शॅल वी डान्स?’ (१९९६) मधील जपानी कारकुनाला नृत्य शिकण्याची जी लाज वाटते, ती २००४ च्या शिकागोतील वकिलाला वाटण्याचे कारण नाही. चित्रपट मात्र तिच्यावरच उभा आहे.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. कुरोसावा यांनी स्वतः शेक्सपिअरचा ‘मॅकबेथ’ घेऊन १९५७ मध्ये कोळ्यांच्या जाळ्याच्या गढीची आपली कथा रचली, ‘किंग लिअर’वरून ‘रान’ (१९८५) केला आणि ‘हाय अँड लो’ (१९६३) साठी एड मॅकबेन यांची अमेरिकी कादंबरी घेतली. त्यांच्याच ‘इकिरू’ (१९५२) वरून काझुओ इशिगुरो यांच्या पटकथेचा ‘लिव्हिंग’ (२०२२) निघाला. टोकियोतील नगरपालिकेचा मरणासन्न कारकून येथे लंडनचा झाला. परंतु फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरवणारी कचेरी, जी मूळ चित्रपटात माणसाला जिवंतपणी मारते, ती शाबूत राहिली.

== कायदेशीर बाजू ==

कुरोसावा यांच्या ‘योजिंबो’ (१९६१) वरून परवानगीविना ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) काढल्याबद्दल जपानी बाजूने दावा केला आणि उत्पन्नातील वाटा मिळवून तडजोड केली. मराठीतील वादग्रस्त उदाहरणांत असा मार्ग नाही, कारण हक्क दिलेले असतात.

भारतीय प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ नुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता, दिग्दर्शक नव्हे. त्यामुळे पुनर्निर्मितीचा हक्क विकण्याचा निर्णय सामान्यतः निर्मात्याच्या हाती असतो. याच कायद्याच्या कलम ५७ ने कर्त्याला आपल्या कृतीच्या विपर्यासाविरुद्ध दाद मागण्याचा विशेष अधिकार दिला आहे. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी ‘आपका बंटी’ या कादंबरीवरील ‘समय की धारा’ या चित्रपटाविरुद्ध याच कलमाचा आधार घेतला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये, हक्क विकल्यानंतरही हा अधिकार शिल्लक राहतो, असे मत दिले. प्रकरण पुढे तडजोडीने मिटले. मात्र तेथे कर्ती लेखिका होती. चित्रपटाच्या दिग्दर्शकाला कायदा कर्ताच मानत नसल्याने, आपल्या चित्रपटातील जात काढून टाकली ही तक्रार घेऊन तो या वाटेने जाऊ शकत नाही. कराराच्या वेळी काही अटी घालून घेतल्या तरच काही उपाय उरतो. शिवाय आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (१९७८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, हक्क असतो तो तिच्या मांडणीवर, हे तत्त्व स्पष्ट केले आहे. म्हणजे गरीब मुलगा आणि बड्या घरची मुलगी ही कल्पना कोणालाही विनामूल्य उपलब्ध आहे. निर्माते पैसे मोजतात ते ‘सैराट’चे नाव, चाली आणि प्रसंग यांसाठी.

== बचावाचे मुद्दे ==

पुनर्निर्मितीच्या बाजूने मांडला जाणारा मुख्य मुद्दा असा की जातीचे स्वरूप प्रदेशागणिक बदलते. करमाळ्यातील पाटील व मासेमार यांचे नाते राजस्थानात जसेच्या तसे सापडणार नाही, म्हणून ते सर्वसाधारण करावे लागते. हा मुद्दा पटण्यासारखा नाही. राजस्थानात जातीचा प्रश्न नाही असे कोणी म्हणणार नाही. तेथील विशिष्ट तपशील शोधता आले असते. दुसरा मुद्दा पैशांचा आहे व तो अधिक प्रामाणिक आहे: हक्कविक्रीतून मराठी निर्मात्याला पुढील चित्रपटासाठी भांडवल मिळते, आणि संगीतकार, कलावंत व तंत्रज्ञ यांच्यासाठी हिंदीचे दार उघडते.

‘सैराट’वर महाराष्ट्रातही आक्षेप घेणारे होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. पाटलांचे चित्रण एकांगी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे जो चित्रपट आपल्याच भूमीत लोकांना बोचला होता, त्याची बोच हिंदीत जाताना काढली गेली.

== ‘धडक २’ ==

१ ऑगस्ट २०२५ रोजी शाजिया इक्बाल दिग्दर्शित ‘धडक २’ प्रदर्शित झाला. नाव पुढचे असले तरी कथा ‘धडक’ची नाही; मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) या तमिळ चित्रपटाची ती पुनर्निर्मिती आहे. सिद्धांत चतुर्वेदी यांनी त्यात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या दलित विद्यार्थ्याची भूमिका केली असून जातीचा विषय यात उघडपणे, नाव घेऊन मांडला आहे. पहिल्या ‘धडक’मधून जे वगळले गेले ते दुसऱ्यात, त्याच निर्मितीसंस्थेकडून, आले, मात्र ते करमाळ्यातून नव्हे तर तमिळनाडूतून आले.